रंग उडाला, पुढे काय?

सुरतेच्या डिंडोलीतून सकाळी डबा घेऊन पांडेसरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीकडे निघणाऱ्या माणसाला ‘हायड्रो’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. जेट मशीनमध्ये 130 अंशांवर, दाबाखाली पॉलिस्टर रंगवून झालं की थोडा रंग कापडाच्या वरवर नुसता चिकटून राहतो. तो तसाच राहू दिला तर साडी पहिल्या धुण्यात उतरते आणि व्यापारी माल परत पाठवतो. म्हणून कॉस्टिक सोडा आणि हायड्रो घातलेल्या गरम पाण्यात कापड पुन्हा एकदा फिरवतात. गडद निळं, काळपट पाणी पाहता पाहता पिवळट, फिकं होतं. हायड्रो म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट: पांढरी भुकटी, नाकात जाणारा गंधकाचा वास, आणि ओल लागली तर आपोआप तापून पेट घेण्याची खोड. त्यामुळे त्याचे डबे मास्टर कोरड्या जागी ठेवायला लावतो. पण ही भुकटी रंगाचं नेमकं करते काय, हे मिलमध्ये कुणी विचारत नाही. रंग मारते, एवढं पुरतं.

सांडपाण्यातला रंग जिवाणूंकडून काढून घेता येतो असं म्हटलं की ऐकणाऱ्याला ती काहीतरी नवलाची, प्रयोगशाळेतली गोष्ट वाटते. खरं तर जिवाणू जे करतात ते बरंचसं हायड्रोचंच काम आहे. फरक इतकाच की हायड्रो विकत आणावा लागतो, आणि जिवाणू खाऊ घातलं तर ते काम रोज करत राहतात.

हे काम समजायला रंगाची बांधणी थोडी पाहावी लागेल. 1858 साली पीटर ग्रीस या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाला एक विक्रिया सापडली, जिच्यातून पुढे ॲझो रंगांचं सगळं घराणं निघालं. (ग्रीसने स्वतः नंतर इंग्लंडमधल्या एका बिअरच्या कारखान्यात नोकरी केली आणि रंगांचं संशोधन फावल्या वेळात चालू ठेवलं. त्याच्या शोधावर गब्बर झाले ते दुसरेच.) आज जगात वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून बरेच जास्त ॲझो जातीचे आहेत. त्यांची खूण म्हणजे मधोमध नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले आणि दोन्ही बाजूंना कार्बनची कडी. या बंधामुळे दोन्हीकडच्या कड्यांतले इलेक्ट्रॉन एकत्र नांदतात, आणि एवढ्या लांबीवर मोकळे हिंडणारे इलेक्ट्रॉन दिसणाऱ्या प्रकाशातला काही भाग शोषून घेतात. उरलेला प्रकाश म्हणजे आपल्याला दिसणारा लाल, नारिंगी किंवा निळा. मधला बंध तोडला की दोन्ही तुकडे स्वतंत्र होतात आणि रंग जातो. तोडायला चार इलेक्ट्रॉन लागतात. हायड्रो ते देतो. जिवाणूही देतात.

जिवाणूंना इलेक्ट्रॉन कुठून मिळतात? अन्नातून. साखर, स्टार्च, प्रथिनं पचवताना जे इलेक्ट्रॉन मोकळे होतात ते शेवटी कुणाच्या तरी पदरात टाकावे लागतात. आपण आणि हवेत जगणारे जिवाणू ते ऑक्सिजनला देतो, श्वासाचा अर्थच तो. ऑक्सिजन नसेल तर जिवाणू दुसरा घेणारा शोधतात, आणि त्या वेळी ॲझो बंध समोर असला तर तोही चालतो. हे पाहायला फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. दोन चंबू घ्यायचे, दोन्हींत सारखंच पोषक द्रव, सारखाच लाल रिॲक्टिव्ह (सुती कापडाचा) रंग आणि सारखेच जिवाणू. एक चंबू शेकरवर ठेवून हलवत राहायचा, दुसरा टेबलावर स्वस्थ ठेवायचा. हलणाऱ्या चंबूत हवा मिसळते, जिवाणू भराभर वाढतात, द्रव गढूळ होतो आणि रंग मात्र जवळजवळ तसाच राहतो. स्थिर चंबूत वाढ बेताचीच होते, पण लाल रंग तळापासून विरत जातो. शेवटी वर हवेला लागून असलेली पातळ लालसर पट्टी उरते आणि तीही जाते. जास्त जिवाणू म्हणजे जास्त काम, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

मराठी मुलखात या विषयावर सर्वांत चिकाटीने काम झालं ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, डॉ. संजय गोविंदवार यांच्या गटाकडून. त्यांनी जिवाणू दूर कुठे शोधले नाहीत. सोलापूरच्या कापड कारखान्यांच्या सांडपाण्याने भिजलेली माती आणली. जिथे वर्षानुवर्षं रंगाचं पाणी मुरतं तिथे त्या पाण्यावर तग धरणारे जिवाणू आपोआप निवडले गेलेले असणार, हा साधा तर्क. त्या मातीत स्युडोमोनास जातीचा एक जिवाणू मिळाला. त्याला ‘एसयूके 1’ असं नाव दिलं गेलं. 2008 साली त्यांनी छापलेल्या निबंधात आहे की लिटरला 50 मिलीग्रॅम ‘रेड बीएलआय’ नावाचा रिॲक्टिव्ह रंग या जिवाणूने स्थिर अवस्थेत, 30 अंशांवर, तासाभरात 99 टक्क्यांहून जास्त घालवला. पुढे या गटाने यीस्ट, बुरशी, जिवाणूंच्या जोड्या, असं बरंच काही तपासलं. 2011 साली ऋजुता सरताळे, गणेश सरताळे, तैवानचे जो-शू चांग आणि गोविंदवार यांनी लिहिलेला आढावा या क्षेत्रातल्या नव्या विद्यार्थ्याला आजही आधी वाचायला दिला जातो. गुजरातेत वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठात डॉ. दत्ता मदामवार यांच्या गटाने एकट्यादुकट्या जिवाणूऐवजी त्यांच्या मिश्र टोळ्यांवर अशाच प्रकारचं काम केलं.

यात एक गोम आहे. सुती कापडाच्या रिॲक्टिव्ह रंगांना सल्फोनेट गट असतात, म्हणून ते पाण्यात सहज विरघळतात. पण त्याच विद्युतभारामुळे ते जिवाणूच्या पेशीत सहजी शिरत नाहीत. मग आतला एन्झाइम बाहेरचा बंध कसा तोडतो? बहुतेक वेळा मध्ये एक हमाल असतो. रायबोफ्लेविन म्हणजे ब-2 जीवनसत्त्व, किंवा क्विनोन जातीचे रेणू, पेशीपाशी इलेक्ट्रॉन उचलतात, बाहेर रंगाच्या रेणूला नेऊन देतात आणि पुढच्या खेपेला परत येतात. त्यामुळे अशा मध्यस्थाची किंचित मात्रा घातली तरी रंग जाण्याचा वेग कित्येक पटींनी वाढतो. हेच कारण आहे की ॲझो बंध तोडणारे जिवाणू दुर्मीळ नाहीत. ऑक्सिजन नसलेल्या जवळपास कुठल्याही गाळात, गोठ्यातल्या शेणात, आपल्या आतड्यातसुद्धा हे काम चालतं.

आतड्याचा उल्लेख सहज केला नाही. 1930 च्या दशकात जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांना आढळलं की प्रोन्टोसिल नावाचा एक लाल ॲझो रंग उंदरांना स्ट्रेप्टोकोकसच्या जीवघेण्या संसर्गातून वाचवतो. काचेच्या नळीत मात्र तोच रंग त्या जंतूंचं काहीच वाकडं करत नव्हता. 1935 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी कोडं सोडवलं: शरीरात रंगाचा ॲझो बंध तुटतो आणि त्यातला एक तुकडा, सल्फानिलामाइड, हे खरं औषध असतं. सल्फा औषधांचा जमाना तिथून सुरू झाला आणि डोमाक यांना 1939 चं नोबेल मिळालं. मोठ्या आतड्याच्या सुजेवर आजही दिली जाणारी सल्फासालाझिन ही गोळी याच हिशेबाने बनवलेली आहे. ती लहान आतड्यातून बहुतांशी न मोडता पुढे जाते आणि मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंनी बंध तोडला की औषध नेमक्या जागी सुटतं.

म्हणजे तुकडा औषधही असू शकतो. पण विषही असू शकतो, आणि खरी भानगड इथेच सुरू होते.

ॲझो रंग तुटला की उरतात ती सुगंधी ॲमाइनं. नाव ऐकून फसू नये, अत्तराशी त्यांचा संबंध नाही. यांतली काही फार वाईट आहेत. 1895 साली फ्रँकफुर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाचा कर्करोग दिसतो असं दाखवलं. पुढे बेन्झिडीन, 2-नॅफ्थिलअमाइन अशा ॲमाइनांकडे बोट गेलं. म्हणूनच 1994 मध्ये जर्मनीने अशी ॲमाइनं सोडणारे ॲझो रंग अंगाला लागणाऱ्या कापडात वापरायला मनाई केली. निर्यातीचे धागे तिकडे जोडलेले असल्याने आपल्याकडे हालचाल झाली आणि 1997 मध्ये भारत सरकारने 70 ॲझो रंगांवर बंदी आणली. उरलेल्या रंगांतून येणारी सगळीच ॲमाइनं कर्करोगी नाहीत. पण रंग दिसत होता तोवर निदान लोक ओरडत तरी होते. लिटरला एखादा मिलीग्रॅम रंगसुद्धा डोळ्याला कळतो. ॲमाइन कळत नाही. तक्रार बंद होते, पाणी मात्र सुधारलेलं असेलच असं नाही.

जपानमधल्या क्योतो शहराचं उदाहरण सुरतेच्या माणसाने जरूर लक्षात ठेवावं असं आहे, कारण तिथला माल आपल्यासारखाच होता. तिथल्या निशिताकासे नदीत 1990 च्या दशकात जपानी संशोधकांना अतिशय तीव्र उत्परिवर्तक (जनुकांत बदल घडवणारी) द्रव्यं सापडली. ‘पीबीटीए’ या नावाने ती ओळखली जातात. शोध घेतला तेव्हा दिसलं की मूळ द्रव्य म्हणजे पॉलिस्टरला लागणारे डिस्पर्स जातीचे ॲझो रंग. रंगकाम करणाऱ्या कारखान्यांत त्यांच्यावर हायड्रो चालला आणि त्यांचं रूप पालटलं. मग ते पाणी शहराच्या सांडपाणी केंद्रात आलं आणि तिथे निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन दिला गेला. या दोन पायऱ्यांतून जे तयार झालं ते मूळ रंगापेक्षा वाईट निघालं. कारखान्याने काही लपवलं नव्हतं, केंद्रानेही कामात कुचराई केली नव्हती. दोघांनी आपापलं काम नीट केलं होतं! ब्राझीलमध्ये साओ पाउलो राज्यातल्या क्रिस्ताइस नदीबद्दलही 2005 मध्ये असाच निष्कर्ष आला. नदीच्या पाण्यातली उत्परिवर्तकता बऱ्याच अंशी डिस्पर्स रंगांकडून येत होती आणि ते पाणी पुढे पिण्यासाठी उचललं जात होतं. क्लोरीन किंवा हायपो (हायपोक्लोराइट) ओतून रंग घालवणं स्वस्त असतं, म्हणून मोह होतो. माझ्या मते सुरतेच्या पाण्यासाठी तो सर्वांत वाईट मार्ग आहे.

जिवाणूंची खरी मदत दुसऱ्या पायरीत लागते. पहिल्या, हवाबंद टाकीत रंग तुटला की पाणी हवा फुंकलेल्या टाकीत न्यायचं. तिथे वेगळ्या सवयीचे जिवाणू ऑक्सिजनच्या जोरावर ॲमाइनांची कडी उघडतात आणि पुढे त्यांचा कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि अमोनिया करतात. पहिली टाकी हवेशिवाय, दुसरी हवेसकट, आणि क्रम उलटवायचा नाही. काही ॲमाइनं दुसऱ्या टाकीत लगेच खपतात. सल्फोनेट लागलेली काही तिथेही तशीच बसून राहतात. म्हणून कोल्हापूरच्या गटाने नुसता रंगाचा आकडा देऊन समाधान मानलं नाही. प्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या पाण्यावर ज्वारी, गव्हासारखं बी उगवून मुळं आणि कोंब मोजले. ही चाचणी शेतकऱ्यालाही पटते: पाणी पांढरं दिसो की लाल, बी रुजलं का ते सांग.

आता सुरतेकडे वळू. वर सांगितलेलं बहुतेक सगळं संशोधन सुती कापडाच्या रिॲक्टिव्ह रंगांवरचं आहे. सोलापूर, इचलकरंजी, तिरुपूरला ते चपखल बसतं. डिंडोलीच्या आजूबाजूला मात्र कापड बहुतांश पॉलिस्टरचं, आणि डिस्पर्स रंग पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. बारीक कणांच्या रूपात ते पाण्यात तरंगत ठेवलेले असतात आणि त्यासाठी रंगाच्या पुडीतच लिग्नोसल्फोनेटसारखी द्रव्यं भरपूर मिसळलेली असतात. रंग बराचसा धाग्यात जातो, ही द्रव्यं मात्र सगळी पाण्यात उतरतात आणि जिवाणू त्यांना सहजासहजी तोंड लावत नाहीत. शिवाय सगळे डिस्पर्स रंग ॲझो नाहीत. काळ्या आणि नेव्ही ब्लूच्या छटांत चालणारा ‘डिस्पर्स ब्लू 79’ ॲझो आहे. चमकदार गुलाबी ‘डिस्पर्स रेड 60’ मात्र अँथ्राक्विनोन जातीचा. त्याला तोडायला ॲझो बंधच नाही, त्यामुळे हवाबंद टाकी त्याच्यापुढे फारशी चालत नाही. तो गाळाला चिकटून पाण्याबाहेर येतो, म्हणजे पाण्यातून निघून गाळात मुक्कामाला जातो.

पण माझ्या समजुतीप्रमाणे सुरतेच्या पाण्यातली खरी मोठी गोष्ट रंग नव्हेच. पॉलिस्टर साडीला रेशमासारखा मऊपणा यावा म्हणून कापड गरम कॉस्टिकमधून काढतात. मिलमध्ये याला वेट रिडक्शन म्हणतात. कॉस्टिक धाग्याची वरची त्वचा खाऊन टाकतं आणि कापडाचं वजन दहा ते पंचवीस टक्क्यांनी घटतं. ते घटलेलं पॉलिस्टर कुठे जातं? पाण्यात. सोडियम टेरेफ्थॅलेट आणि इथिलिन ग्लायकॉल होऊन. रंगहीन असल्यामुळे त्याच्याविरुद्ध कुणी मोर्चा काढत नाही, पण सांडपाण्याच्या ऑक्सिजन-मागणीत, म्हणजे सीओडीत, त्याचा वाटा मोठा असतो. जिवाणूंच्या दृष्टीने ही मेजवानी आहे. सवय झाली की हवेच्या टाकीतले जिवाणू टेरेफ्थॅलेट चांगलं खातात. हवाबंद टाकीत हेच काम फार सावकाश चालतं. म्हणजे रंगासाठी हवाबंद टाकी सोयीची आणि टेरेफ्थॅलेटसाठी हवेची. 2016 साली जपानमधल्या साकाई शहरातल्या बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राजवळ ‘इडिओनेला साकाइएन्सिस’ हा घन पॉलिस्टरच खाणारा जिवाणू सापडल्याची बातमी गाजली. सुरतेत कॉस्टिकने ते काम आधीच उरकलेलं असतं, इथे जिवाणूंना शिजवलेलं अन्नच मिळतं. मात्र पॉलिस्टर बनवताना उत्प्रेरक म्हणून वापरलेलं अँटिमनी धाग्यात राहिलेलं असतं, किलोला साधारण 200 ते 300 मिलीग्रॅम. वेट रिडक्शनमध्ये तेही सुटतं. ते मूलद्रव्य आहे. कुठलाही जिवाणू त्याचे तुकडे करू शकत नाही.

प्रिंटिंगमधून गवारगम, सीएमसीसारखे गोंद येतात. त्यांच्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही, जिवाणूंना ते आवडतात.

हे सगळं पाणी एकत्र येतं ते सीईटीपीत, म्हणजे सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात. पांडेसऱ्याच्या केंद्राची क्षमता रोज 10 कोटी लिटरची. बारक्या मिलला स्वतःची पूर्ण यंत्रणा परवडत नाही, म्हणून प्राथमिक प्रक्रिया मिलमध्ये आणि उरलेली इथे, अशी वाटणी. इथल्या हवेच्या टाकीमागचं तंत्र जुनं आहे. 1914 साली एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी ते मांडलं, आणि तेही कापडाच्याच शहरात, मँचेस्टरमध्ये. त्यांनी केलेली युक्ती एवढीच होती की हवा देऊन तयार झालेला गाळ फेकायचा नाही, तो खाली बसू द्यायचा आणि पुढच्या पाण्यात पुन्हा वापरायचा. त्या गाळातच जिवाणू असतात.

नवी टाकी सुरू करताना ऑपरेटर तिच्यात शेण कालवून घालतात, सोबत गूळ, युरिया आणि डीएपी. शेतावरचं जीवामृत ज्यांना माहीत आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. कुणी दुसऱ्या चालू टाकीतला गाळ टँकरने आणतात, आणि तेच बरं, कारण त्या गाळाला कापडाच्या पाण्याची सवय असते. मग रोजची तपासणी: टाकीतलं पाणी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात भरून अर्धा तास हलवायचं नाही. निरोगी गाळ तपकिरी रंगाचा, मोठ्या पुंजक्यांचा असतो. पुंजके एकमेकांना धरून खाली सरकत जातात आणि वर नितळ पाणी सुटतं. अर्ध्या तासाने गाळाची पातळी कुठल्या आकड्यावर आली ते वहीत लिहायचं. गाळ वर तरंगू लागला, काळा पडला, वरचं पाणी दुधाळ राहिलं किंवा टाकीवर पांढरा फेस चढला की ऑपरेटर म्हणतो, “कल्चर मेलं.” खरं तर अख्खं मरत नाही, पण सावरायला दिवस लागतात आणि तोवर निम्मंशिम्मं प्रक्रिया झालेलं पाणी पुढे जात राहतं.

कल्चर मरतं ते एखाद्या अवचित आलेल्या माऱ्याने. कुणीतरी रात्री कॉस्टिक सोडतं आणि पीएच 12 वर जातो. कुणाच्या ब्लीचिंगचं पाणी क्लोरीनसकट येतं. त्याहून भयंकर म्हणजे बाहेरून आणलेलं रसायन चोरून गटारात ओतणं. 6 जानेवारी 2022 च्या पहाटे सचिन जीआयडीसीत एका टँकरमधून असं रसायन नाल्यात सोडलं गेलं, विषारी वायू तयार झाला आणि जवळच्या मिलमधले सहा कामगार गेले. ज्या पाण्यातून निघालेला वायू माणसाला मारतो त्यात जिवाणूंनी तग धरावा ही अपेक्षाच चुकीची.

म्हणून ‘खास रंग खाणाऱ्या जिवाणूंची’ पाकिटं विकायला येतात तेव्हा मला त्यांच्याबद्दल फारसा उत्साह वाटत नाही. चंबूत जिंकणारा जिवाणू मोठ्या टाकीत हजार जातींच्या गर्दीत पडतो. त्याला तिथे विशेष फायदा नसला तर जुन्या जाती त्याला मागे टाकतात आणि तो पाण्याबरोबर वाहून जातो. मग पुढच्या महिन्यात पुन्हा पाकीट. एसयूके 1 सारख्या शोधांचं मोल पाकीट म्हणून नाही. कुठल्या परिस्थितीत बंध तुटतो, कुठले तुकडे उरतात, ते कोण खातं, हे त्यांनी दाखवून दिलं. टाकी त्या माहितीवर बांधायची असते. जिवाणू सापडायला अडचण कधीच नव्हती, त्यांना नांदवणं अवघड आहे.

नांदवण्याचे काही देशी उपाय कोल्हापुरात करून पाहिले गेले. वाळलेल्या घोसाळ्याचा जाळीदार सांगाडा, जो अंग घासायला वापरतात, तो नळीसारख्या टाकीत भरून त्यावर ब्रेव्हिबॅसिलस हा जिवाणू आणि गॅलॅक्टोमायसिस ही यीस्टसारखी बुरशी एकत्र वाढवली. पाणी खालून वर चढतं, जिवाणू जाळीला धरून राहतात, वाहून जात नाहीत. याच विद्यापीठात झेंडू, चिनी गुलाब अशा बागेतल्या झाडांवरही प्रयोग झाले. त्यांची मुळं रंग तोडणारे एन्झाइम बनवतात, आणि मुळांभोवतीचे जिवाणू त्यांना साथ देतात. सांडपाण्याच्या चरांच्या कडेने अशी झाडं लावून जागेवरच पाणी सुधारता येतं का, तेही त्यांनी पाहिलं. लाकूड कुजवणाऱ्या पांढऱ्या बुरशीची गोष्ट याहून वेगळी. लाकडातलं लिग्निन मोडायला ती जे एन्झाइम सोडते त्यांना रंगाचा आकार फारसा महत्त्वाचा वाटत नाही, अँथ्राक्विनोनही चालतो. पण ती सावकाश वाढते, आंबट पाण्यात रमते आणि उघड्या टाकीत जिवाणू तिला पुरून उरतात. दहा कोटी लिटरच्या हिशेबात झेंडू आणि बुरशी दोन्ही बसत नाहीत. लहान युनिटसाठी, जागा असेल तिथे, गोष्ट वेगळी.

एक गोष्ट मात्र कुठल्याच जिवाणूच्या हातात नाही: मीठ. सुती कापड रिॲक्टिव्ह रंगाने रंगवताना लिटरला चाळीस-पन्नास ग्रॅम किंवा जास्तच मीठ लागतं आणि ते जसंच्या तसं बाहेर येतं. तिरुपूरच्या नोय्यल नदीकाठची शेती याच क्षारांनी गेली आणि 2011 च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगकामाचे कारखाने बंद करायला लावले. नंतर जे सुरू झाले ते पाणी बाहेर न सोडण्याच्या अटीवर, म्हणजे आरओ आणि बाष्पीभवनाच्या महागड्या खर्चासकट. पॉलिस्टरला इतकं मीठ लागत नाही, ही सुरतेची मोठीच सुटका. पण इथे व्हिस्कोस आणि सुती मालही होतो आणि कॉस्टिक मारायला घातलेल्या आम्लाचे क्षारही होतात.

कापड उद्योगासाठी केंद्र सरकारने 2016 मध्ये ठरवलेली मर्यादा अशी: सीओडी लिटरला 250 मिलीग्रॅम, बीओडी (जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) 30, विरघळलेले क्षार 2100 आणि रंग 150 प्लॅटिनम-कोबाल्ट एकक. ही रंगाची पट्टी मुळात 1892 साली ॲलन हेझन यांनी नैसर्गिक पाण्याचा पिवळसरपणा मोजायला काढलेली. निळ्याजांभळ्या पाण्यावर ती लावताना प्रयोगशाळेला कसरत करावी लागते. सुगंधी ॲमाइनांसाठी या यादीत वेगळी ओळ नाही.

सुरत महापालिकेने एक उलटी वाटही काढली. 2014 पासून बमरोलीच्या केंद्रात शहराचं सांडपाणी आधी जिवाणूंकडून, मग अल्ट्राफिल्टर आणि आरओतून काढून पांडेसऱ्याच्या मिलना विकलं जातं, सुरुवातीला रोज 4 कोटी लिटर. पुढे डिंडोलीतही असं केंद्र झालं. नंदुरबार, धुळे, जळगावकडून तापी व्हॅलीच्या गाडीने आलेल्या आणि इथेच घर केलेल्या कुटुंबांच्या मोरीतलं पाणी अशा रीतीने मिलच्या जेट मशीनपर्यंत पोहोचण्याची सोय झाली. घरगुती सांडपाण्यात जिवाणूंना त्रास देणारं काही फारसं नसतं, म्हणून हे काम तुलनेने सोपं.

मिलच्या पाण्याचं तसं नाही, आणि वर्षातला कठीण काळ दिवाळीत येतो. मिल बंद होतात, कामगार गावाकडे जातात आणि सीईटीपीकडे येणारं पाणी आटतं. टाक्यांतले जिवाणू उपाशी पडतात, काही आठवड्यांत एकमेकांनाच खाऊन निम्मे होतात. हवा बंद केली तर गाळ सडतो, पूर्ण चालू ठेवली तर विजेचं बिल चढतं आणि उपासमार आणखी वाढते. म्हणून हवा कमी करून, साठवलेलं सांडपाणी थोडं थोडं सोडून किंवा गूळ-युरियावर कल्चर जगवावं लागतं. लाभपंचमीनंतर मिल सुरू होतात तेव्हा सगळ्यांनी एकदम पाणी सोडलं तर अर्धमेला गाळ ते पेलू शकत नाही. मिलनी पहिला आठवडा पाळीपाळीने सुरुवात केली तर पेलतो. त्यासाठी नवा जिवाणू लागत नाही, मिलमालकांच्या बैठकीत वेळापत्रक ठरावं लागतं.